पाच व्होल्टचा कारभार

वायरिंग म्हणजे काय, हे अख्ख्या नवी मुंबईत चारच माणसांना कळतं. त्यातले दोघं वारले. तिसरा मुलाकडे नाशिकला राहायला गेला आणि त्याला आता धड दिसत नाही. चौथा मी, कमळाकर म्हात्रे, मुक्काम कोपरखैरणे गाव. सेक्टर नव्हे, गाव! सेक्टर नंतर आले, आमच्या शेतांवर.

बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या एका केमिकल कंपनीत मी इलेक्ट्रिकल पॅनल बांधले. जमिनी गेल्या म्हणून नोकरी मिळाली, असं लोक म्हणतात. मिळाली असेल! पण टिकली ती हातातल्या कामामुळे. माझ्या पॅनलचं दार उघडलं की आत लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी अशा वायरी ओळीत उभ्या. प्रत्येकीला नंबरची रिंग, चार-चार बोटांवर केबल टाय, आणि वळण म्हणाल तर काटकोनात! साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम माझं पॅनल दाखवायला आणायचे. आजही आमच्या घरी फ्रिजमागची वायरसुद्धा भिंतीला धरून शिस्तीत जाते. अशा माणसाच्या घरात त्याच्या मुलीनं काय आणावं? खेळणं!

भाविका माझी धाकटी. नेरूळच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती, शेवटचं वर्ष. महापेच्या एका कंपनीनं तिला आधीच निवडून ठेवलं होतं. अट एकच, शेवटच्या परीक्षेत सगळे विषय सुटले पाहिजेत, प्रोजेक्टसकट. प्रोजेक्ट गेला तर नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. त्या प्रोजेक्टसाठी तिनं पार्सलनं एक किट मागवलं. खोका उघडला आणि मला हसू आवरेना. आत भोकाभोकांची एक पांढरी प्लॅस्टिकची पाटी, पोटाखाली दोन्ही बाजूंना पिनांचे दात असलेला बोटभर बोर्ड, आणि रंगीत वायरींचा एक झुपका.

"ह्या काय हाय?" मी विचारलं.

"मायक्रोकंट्रोलर, पप्पा. छोटा कॉम्प्युटर समजा. आपन सांगू तसं हा करतो."

"आनि ही भोकांची चालन कसली?"

"ब्रेडबोर्ड! ह्याच्यात बोर्ड खोचायचा, वायरी खोचायच्या, झालं सर्किट. सोल्डरिंग पन नको."

"स्क्रू?"

"नाय."

"लग? क्रिम्पिंग?"

"नाय ओ पप्पा! नुसतं खोचायचं. चुकलं तर उपटायचं, दुसरीकडं खोचायचं."

खोचायचं! बायका पदर खोचतात, गजरा खोचतात. वायर खोचतात, हे मी एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आणि म्हणे चुकलं तर उपटायचं! आमच्या कंपनीत चुकलं तर माणूसच उपटला जायचा. ह्यांच्याकडे चुकण्याची सोय आधीच करून ठेवलेली!

बरं, एवढा कॉम्प्युटर आणून करणार काय? तर टाकीत पाणी भरलं की पंप आपोआप बंद होणार, भोंगा वाजणार आणि मोबाइलवर निरोप येणार. मी कपाळावर हात मारला.

"अगो, त्याला पान्यावर तरंगनारा एक फ्लोट लागतंय आनि पंप तोडनारा एक कॉन्टॅक्टर! अर्ध्या तासाचा काम हाय. मी डोले मिटून करीन!"

"पप्पा, हा निरोप पन पाठवतो. रोज किती पानी चढलं त्याचा हिशेब पन ठेवतो."

"टाकी भरली की पानी धो-धो खाली परतं, शेजारपाजारच्या अख्ख्या आलीला कलतं. निरोप कशाला?"

ह्या मुद्द्यावर मी जिंकलो. म्हणजे तिनं कानात हेडफोन घातले.

पुढचे वीस दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर ते कावळ्याचं घरटं वाढत गेलं. मी येता-जाता बघायचो आणि माझं रक्त आटायचं. एक वायर ह्या टोकावरून त्या टोकाला कमान टाकून, दुसरी तिच्या खालून, तिसरी दोघींच्या मधून! आणि रंगांचा तर नुसता सत्यानाश. हिरवी वायर! हिरवी म्हणजे अर्थिंगची. जगात कुठंही जा, हिरव्या वायरला हात लावून माणूस जिवंत राहतो. आणि आमच्या कन्येनं ती चक्क चालू सर्किटमध्ये घातलेली!

"भाविका! हिरवी लाइव्हवर? मानूस मरंल!"

"पप्पा, पाच व्होल्ट आहे. मुंगीसुद्धा मरनार नाय."

"सवय लागते, सवय!"

"बाकीचे रंग संपले होते. जी हाताला आली ती लावली."

हाताला आली ती! ही पोरगी उद्या महाप्याला जाऊन मशिनं बनवणार! मी पुतळाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघितलं. तिला ह्या विषयात एकच तक्रार होती.

"जेवाला बसाची जागा कवा मिलनार, तेवढं इचारा तिला."

परीक्षेचा दिवस उजाडला. भाविकानं सकाळी सगळं टेबलावर मांडून आठ वेळा चालवून बघितलं. खाली पाण्याचं पातेलं, त्यात पेरूएवढा पंप, वर काचेची बरणी म्हणजे टाकी. पाणी चढायचं, खुणेच्या रेघेला लागायचं, पंप बंद, भोंगा चालू, मोबाइलवर टिंग! आठही वेळा चाललं, हे मी कबूल करतो. पण चालणं वेगळं आणि दिसणं वेगळं. बाहेरचे परीक्षक येणार होते. ते म्हात्र्यांच्या घरातलं वायरिंग म्हणून हे घरटं बघणार? उद्या तुर्भ्यातल्या कोणा जुन्या माणसाच्या कानावर गेलं म्हणजे?

भाविका अंघोळीला गेली. पोरींची अंघोळ, केस, कपडे धरून माझ्याकडे पाऊण तास होता. मी कपाटातून माझी जुनी हत्यारांची पिशवी काढली.

पुतळा ओट्याशी बोंबील साफ करत होती. मान न वळवता म्हणाली, "अवो, पोरीनं सांगितलंय, हात नका लावू."

"हात कोन लावतंय? मी ड्रेसिंग करतंय."

ड्रेसिंग म्हणजे वायरींना शिस्त लावणं. ह्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही! लाल तेवढ्या सगळ्या उपटल्या आणि प्लसच्या पट्टीत ओळीनं बसवल्या. हिरव्या आणि काळ्या सगळ्या मायनसला. पिवळ्या-निळ्या होत्या तिथंच ठेवल्या, फक्त काटकोनात वळवल्या. प्रत्येकीला नंबरची रिंग चढवली, केबल टाय आवळले, टोकं कापली. चाळीस मिनिटांत त्या घरट्याचं असं देखणं पॅनल झालं की माझे डोळे भरून आले. मग फरसाणाचा मोठा डबा घेतला, आत थर्माकोल लावला, सगळं नीट बसवलं आणि झाकणाला चारी बाजूंनी टेप मारला.

भाविका केस बांधत धावत बाहेर आली. "अय्यो, पप्पा! पॅक पन केलंत? थँक यू!" आणि गळ्यात पडली. कॉलेजात डबा उघडल्यावर हिला केवढा आनंद होईल, ह्या विचारानं मी गप्प राहिलो. वर म्हणालो, "आता उघरू नको. हालंल."

मीही बरोबर निघालो. एवढा नाजूक माल रिक्षात पोरीच्या भरवशावर कसा सोडायचा? नेरूळपर्यंत डबा माझ्याच मांडीवर होता. कॉलेजात शिरताच मी छताकडे बघितलं. लोंबणाऱ्या वायरी, उघडे जॉइंट! इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या कॉलेजात पंख्याची वायर सुतळीनं बांधलेली! असल्या ठिकाणी शिकून पोरगी दुसरं काय करणार, असं मनात आलं आणि मी तिला थोडी माफी दिली.

प्रयोगशाळेच्या दारात शिपायानं मला अडवलं. "पालक बाहेर."

मी बाहेरच होतो. फक्त मान आत होती.

परीक्षक होत्या चारुलता मॅडम. सुती साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि चेहऱ्यावर सकाळपासून खोटं ऐकून आलेला कंटाळा. त्याचं कारणही माझ्यासमोरच घडलं. भाविकाच्या आधी ऋषी नावाचा एक पोरगा होता. त्याचा प्रोजेक्ट चकाचक, पण मॅडमनी "ही वायर काय करते?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅडम, ती आधीपासूनच होती." दुकानातून तयार आणलेला! मॅडमनी त्याचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "सकाळपासून हा तिसरा. ह्यापुढे एक जरी विकतचा निघाला तर सरळ नापास." मला मॅडम फार आवडल्या. अशीच कडक माणसं हवीत!

मग आमची भाविका गेली. टेप काढला, झाकण उघडलं. मी दाराशी टाचा उंचावून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता हसेल, आता वळून माझ्याकडे बघेल…

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे… हे माझं नाही!"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "काय म्हणालीस?"

"म्हणजे बोर्ड माझाच आहे, मॅडम. पण हे वायरिंग मी नाही केलेलं!"

"ते दिसतंय मला," मॅडम डबा जवळ ओढत म्हणाल्या. "केबल टाय, नंबरच्या रिंगा, सगळं काटकोनात. हे विद्यार्थ्याचं काम नाही. हे प्रोफेशनल माणसाचं काम आहे. पंधरा-वीस वर्षं हात बसलेला माणूस पाहिजे ह्याला."

पंधरा-वीस? मला राहवलं नाही.

"बत्तीस, मॅडम!"

सगळी प्रयोगशाळा दाराकडे वळली. शिपायानं माझा दंड धरला, पण तोवर मी आत पोचलो होतो.

"आपण कोण?"

"कमळाकर म्हात्रे. ह्या वायरिंगचा… म्हनजे हिचा बाप."

"म्हणजे हे तुम्ही केलंत?"

"शंभर टक्के!" मी छाती काढून म्हणालो.

भाविकानं डोळे मिटून घेतले. मॅडमनी पेन उघडलं आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी वाकून बघितलं. 'प्रकल्प बाहेरून करून घेतलेला…' एवढं वाचलं आणि मी ओरडलो.

"अवो मॅडम, नाय, नाय! प्रोजेक्ट हिचाच! मी फक्त वायरी इकरच्या तिकरं केल्या!"

"मग हिनं काय केलं?"

"हिनं… हिनं खोचाखोची केली."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. ऋषीच असणार. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे. चालू करून दाखवा."

"मॅडम, नको," भाविका घाईनं म्हणाली. "आधी मला वायरी तपासू द्या."

"तपासाची काय गरज?" मला अपमान सहन होईना. "कर गो चालू! बापाचा वायरिंग हाय!" आणि पातेल्यात पाणी ओतून पंप बुडवला, नळी बरणीत सोडली, पॉवर बँकेची वायरही मीच लावली.

पंप सुरू झाला. झकास! पाणी नळीतून बरणीत चढायला लागलं. मी मॅडमना समजावून सांगितलं, "आता रेघेला पानी लागंल, पंप बंद होईल, भोंगा वाजंल."

पाणी रेघेला लागलं. रेघेच्या वर गेलं. बरणीच्या गळ्याशी आलं. "वाजंल आता," मी म्हणालो. पाणी बरणीच्या काठावरून टेबलावर उतरलं, टेबलावरून मॅडमच्या गुणपत्रिकेवर गेलं आणि तिथून थेट त्यांच्या साडीत. मॅडम किंचाळून उठल्या. भोंगा मात्र गप्प!

मी खिशातून टेस्टर काढला आणि बोर्डाला लावला. दिवा लागेना. "बघा! टेस्टर लागत नाय! किटमधी करंटच नाय! मालच खराब हाय!"

"पप्पा, पाच व्होल्टला टेस्टर लागत नाय!" भाविका ओरडली आणि तिनं वायर उपटून काढली. पंप थांबला. टेबलाच्या कडेवरून थेंब पडत होते.

"पप्पा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "लाल वायरी कुठं घातल्या तुमी?"

"प्लसला. लाल आनखी कुठं जातान?"

"आनि हिरव्या?"

"अर्थला."

"हिरवी सेन्सरची होती. बरनीत पानी किती आहे ते बोर्डाला सांगनारी. ती तुमी मायनसला घातली, म्हनून बोर्डाला वाटतंय टाकी कायम रिकामी. आनि पंपाला चालू-बंद सांगनारी लाल होती. ती प्लसला घातली. मग पंप थांबंल कसा?"

इतकं सोपं होतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला कंपनीच्या गेटपर्यंत शिव्या घातल्या असत्या. पण करणारा मी होतो, आणि भाविकाच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन वर्षं ही पोरगी सकाळी सातला घर सोडत होती. महापेच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा पुतळानं ते देवासमोर ठेवलं होतं. आणि मी चाळीस मिनिटांत सगळ्याचं पाणी केलं.

मॅडम साडी पिळत म्हणाल्या, "पुढचा विद्यार्थी."

"मॅडम!" भाविकानं डोळे पुसले. "वीस मिनिटं द्या. सगळं उपटते आणि तुमच्यासमोर नव्यानं लावते. सर्किटच्या कागदात बघनार नाही."

मॅडमनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथं लिहीत नाही. "पंधरा," त्या म्हणाल्या. "आणि हे गृहस्थ भिंतीशी उभे राहतील."

मी भिंतीशी उभा राहिलो.

"पप्पा, कटर," भाविकानं हात पुढे केला. माझ्याच खिशातला कटर मी माझ्याच हातानं दिला. तिनं माझे केबल टाय कापायला सुरुवात केली. कट्! कट्! कट्! इतकी सुंदर कामं हल्ली होत नाहीत हो! मग तिनं सगळ्या वायरी गवत उपटावं तशा उपटल्या, नंबरच्या रिंगांसकट, आणि पुन्हा खोचायला लागली.

मी बघत होतो. ती ना अडली, ना थबकली. ही भोकांची ओळ, ती पिन, ही वायर, ती वायर. आमचे साहेब म्हणायचे की म्हात्रे ड्रॉइंग न बघता पॅनल बांधतो. खोटं आहे ते, मी जेवणाच्या सुट्टीत गुपचूप उघडून बघायचो. हिनं एकदाही नाही! मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की तिथंच टाळ्या वाजवाव्या. आणि लाज वाटली ती वेगळीच. तरीसुद्धा हिरवी वायर परत चालू सर्किटमध्ये गेली तेव्हा मी तोंडावर हात दाबून धरला, हेही खरं सांगितलं पाहिजे.

बाराव्या मिनिटाला घरटं पुन्हा तयार झालं. पाणी चढलं, रेघेला लागलं. पंप बंद! भोंग्यानं असा गळा काढला की शिपाई आत धावत आला. मोबाइलवर टिंग! मॅडमनी एकामागून एक दहा प्रश्न विचारले. भाविकानं दहाही उत्तरं दिली, अकरावं न विचारताच सांगितलं.

मॅडमनी ओल्या कागदावरचं मघाचं वाक्य खोडलं. "विकत आणलेला प्रोजेक्ट असा कोणाला पुन्हा उभा करता येत नाही," त्या म्हणाल्या. "छान. पास आहेस. फक्त एक सांगते, वायरिंग जरा नीटनेटकं करत जा. बघवत नाही."

मी तोंड उघडलं. भाविकानं नुसतं वळून बघितलं. मी तोंड मिटलं.

परतीची रिक्षा जुईनगरला आली. माझ्या जिभेवर खूप काही होतं. मॅडमनी शेवटी माझंच मत दिलं, हे होतं. मी गोंधळ घातला म्हणून तर तिला मॅडमसमोर कसब दाखवता आलं, हेही होतं. पण ती खिडकीशी बसल्यासारखी बाहेर बघत होती, आणि मांडीवरचा तो डबा दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. माझ्यापासून लांब.

"भाविका," मी म्हणालो, "चुकला माझा."

बत्तीस वर्षांत हे शब्द मी एकाही साहेबाला ऐकवले नव्हते. पुतळाला तर लग्नापासून नाही. भाविकानं चमकून माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून मोबाइल काढला.

"पप्पा, परत बोला."

"कशाला?"

"मम्मीला ऐकवायचंय. नायतर तिला खरं वाटनार नाय."

रिक्षा सानपाड्याच्या सिग्नलला उभी होती. रिक्षावाल्यानं आरसा माझ्याकडे फिरवला. मी घसा साफ केला आणि मोबाइलजवळ तोंड नेऊन खणखणीत आवाजात म्हणालो, "चुकला माझा. मी हात लावाला नको होता. पोरगी हुशार हाय."

भाविकानं मोबाइलकडे बघितलं आणि जीभ चावली. "अय्यो, पप्पा! बटनच दाबलं नाय मी!"

सिग्नल सुटला, मागून हॉर्न सुरू झाले, पण रिक्षावाला काही हलेना. त्यालाही परत ऐकायचं होतं. मग मी तिसऱ्यांदा म्हणालो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बघा आजकालची पोरं! एक बटण धड दाबता येत नाही, आणि निघाल्या महाप्याला!